जागा सोडायची नाही

गुरुवारी सकाळी शेजारच्या काकांनी लॉनवर निळा झेंडा रोवला आणि मी मुद्दाम पाठ फिरवली. हे काका म्हणजे सत्तरी उलटलेले गोरे गृहस्थ. आमच्या मुलीच्या कॉलेजात कधीकाळी शिकलेले, बायको गेल्यापासून एकटेच राहतात. अकरा महिने ते गवत कापतात आणि लांबून हात हलवतात, तेवढाच संबंध. पण मार्च लागला की त्यांच्या अंगात येतं. दारात झेंडा, डोक्यावर निळी टोपी, कुत्र्याच्या गळ्यातसुद्धा निळा रुमाल. कुंपणापलीकडून त्यांनी ओरडून सांगितलं की आज जिंकलो की शनिवारी दुपारी एक वाजता सेमीफायनल आहे. जसं काही मला ठाऊकच नव्हतं. मी मान हलवली आणि घरात येऊन दार लावून घेतलं.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, मलाही कुठे कळत होतं! इथे दहा-बारा कॉलेजांचा मिळून एक गट असतो, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. ही कॉलेजं हिवाळाभर आपसात बास्केटबॉल खेळतात आणि मार्चमध्ये एका गावी जमून चार दिवसांत निकाल लावतात. जो जिंकेल त्याला देशभरातल्या मोठ्या स्पर्धेत जागा. बड्या कॉलेजांना हरूनही आत घेतात, वशिला तिथेही चालतोच. आमच्या पोरीचं कॉलेज लहान, त्याला हा एकच रस्ता. हरलात की बॅगा भरा. त्यामुळे एरवी ज्यांना संघात किती पोरं आहेत हेही सांगता येणार नाही, अशी माणसंही त्या चार दिवसांत जेवण विसरतात. त्यांत आम्हीही होतो.

आम्हाला हे वेड मुलीने लावलं. ती कॉलेजच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते. माझे वडील नागपुरात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, सोनेरी झालर, आणि जेवायला मांडवाच्या मागच्या बाजूला बसायचं. तो कोट उतरवून ठेवायला त्यांचं अर्धं आयुष्य गेलं, आणि नातीने सातासमुद्रापार येऊन पुन्हा बँडवाल्याचाच कोट चढवला. मी कपाळावर हात मारून घेतला. नवरा मात्र खूश. कोट निळा आहे, आपलाच रंग, म्हणाले. मॅचमध्ये टाइमआउट होऊन खेळ थांबला की टीव्हीवर दोन-चार सेकंद बँड दाखवतात. त्या दोन-चार सेकंदांसाठी आम्ही दोघं सोफ्यावर बसायला लागलो आणि बघता बघता मॅचमध्येच अडकलो.

माझा नवरा म्हणजे इथल्या प्लेनो शहरातल्या एका कंपनीत इंजिनियर, आणि रविवारी विहारात मुलांना शिकवणारा माणूस. आमची दोघांची घरं दीक्षा घेतलेली. देव नाही, देव्हारा नाही, मुहूर्त नाही. मांजर आडवं गेलं तर हे मुद्दाम दोन पावलं लवकर टाकणार. ऑफिसातल्या एकाने नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबं ठेवली, तर यांनी ती उचलून त्याच्याच घरात सरबत करायला लावलं, आणि वर सगळ्यांना भाषण दिलं. भाषण द्यायला त्यांना फार आवडायचं. आवाज मोठा, उच्चार स्वच्छ. मी चिडून म्हणायची, अहो, माइक नाहीये समोर.

बावीस प्रतिज्ञा मलाही पाठ आहेत. पण क्रिकेटचं काय करणार, बाप्पा! आमच्या गल्लीत मॅच लागली आणि जोडी जमली की ज्याने त्याने आहे तिथेच थांबायचं. माझा भाऊ एकदा एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर असा तासभर उभा होता, आणि आई त्याला उभ्या उभ्या वरणभाताचे घास भरवत होती. देव गेले, उपास गेले, हे मात्र घरात राहिलं. कोणी त्याला अंधश्रद्धा म्हणायचं नाही, कारण ती मॅच होती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलीचा संघ हरायला टेकला होता, म्हणून हे कंटाळून बाहेर निघाले. हॉलमधून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दाराजवळ आमची एक घडीची खुर्ची असायची, विहारातल्या कार्यक्रमांसाठी घेतलेल्यांपैकी उरलेली. तिच्यावर बसून ते बुटाची नाडी बांधायला लागले आणि तिकडे आमच्या पोरांनी सलग तीन वेळा लांबून बॉल बास्केटमध्ये टाकला. मी ओरडले, उठू नका. ते हसले. मला पाच मिनिटं विज्ञान शिकवलं, आणि बसून राहिले. तुझ्यासाठी बसतो, त्या पोरांसाठी नाही, असं म्हणाले. संघ जिंकला. पुढच्या मॅचला मी त्यांना आधीच त्या खुर्चीवर बसवलं. मधेच त्यांनी कॉमेंट्री सुरू केली आणि आमच्या संघातल्या एका पोराचे दोन सोपे बॉल चुकले, म्हणून मी बोलायचीही बंदी केली. तेव्हापासून नियमच झाला. त्यांनी खुर्चीवर, मी सोफ्याच्या डाव्या टोकाला. मॅच संपेपर्यंत उठायचं नाही आणि बोलायचं नाही. नियम माझा, आणि पाळायचे ते.

गेल्या वर्षीही सेमीफायनलच होती. शनिवार, दुपारी एक. दुसऱ्या हाफची साडेअकरा मिनिटं उरली होती, आम्ही दोन पॉइंटनी पुढे होतो, आणि टाइमआउट झाला. तेवढ्यात रिमोट फरशीवर पडल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. तो त्यांच्या उजव्या हातातून पडला होता, आणि हात तसाच खुर्चीबाहेर लोंबत होता. तोंडाची एक बाजू जराशी उतरली होती. ते माझ्याकडे बघत होते. ओठ हलत होते. मी ओठांवर बोट ठेवलं. गप्प बसा, अशी खूण केली आणि पुन्हा टीव्हीकडे वळले.

मला कळलंच नाही, असं म्हणायची सोय आहे. पण मला खटकलं होतं. काहीतरी बरोबर नाही, हे आत कुठेतरी चांगलं कळलं होतं. फक्त उठले असते तर जागा सुटली असती. बास्केटबॉलची अकरा मिनिटं म्हणजे घड्याळातला पाऊण तास. शेवटी शेवटी तर दर सेकंदाला शिट्टी वाजते आणि सगळं थांबतं. तो पाऊण तास मी एकदाही मान वळवली नाही. एका पॉइंटने जिंकलो. मी उडी मारून उठले आणि त्यांच्याकडे वळले, तर ते अजून माझ्याकडेच बघत होते.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, हे शेवटचे ठीक दिसले ते किती वाजता? माझ्या तोंडून निघालं की मी किचनमध्ये होते. चहा टाकत होते, मॅच संपल्यावर बाहेर आले तर हे असे. त्यांनी लिहून घेतलं. खरी वेळ धरली काय आणि माझी वेळ धरली काय, औषध द्यायची मुदत टळलेली नव्हती, म्हणून ते खोटं खपून गेलं. औषध दिलं. पण मेंदूची डावी बाजू गेली ती गेलीच. उजवा हात, उजवा पाय, आणि बोलणं. नंतर त्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की अर्धा-पाऊण तास आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, पण तुम्ही किचनमध्ये होतात, तुमचा काय दोष! मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मला तेव्हा स्वतःची जेवढी शरम वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी मी तोंड उघडलं नाही.

एकदा सांगितलं की ते पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. बँडची बस सोडून धावत आलेल्या मुलीला सांगितलं. तिचा संघ दुसऱ्या दिवशी फायनल हरला, पण तेव्हा ती आयसीयूच्या बाहेर माझा हात धरून बसली होती. मग विहारातली माणसं डबे घेऊन आली, त्यांना सांगितलं. फोनवर नागपूरला सांगितलं. मावशी म्हणाल्या, काकू म्हणाल्या, स्वतःला दोष देऊ नको गं. सांगून सांगून मला त्या न केलेल्या चहाचा वासही आठवायला लागला, त्यात आलं होतं. हॉस्पिटलमधून पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी शेगडीपाशी उभी राहून पाहिलं. मधे फ्रिज येतो, खुर्ची दिसत नाही. मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची आजही शिसारी येते.

आणि हे सगळं मी त्यांच्यासमोर सांगत होते. ते व्हीलचेअरमध्ये, मग सोफ्यावर, मग काठी धरून उभे. येणाऱ्या प्रत्येकाला मी किचनची गोष्ट सांगायची आणि ते ऐकायचे. त्यांना त्या दुपारचं काही आठवतं का, हे मी स्पीच थेरपिस्टला आडून आडून विचारलं. ही थेरपिस्ट म्हणजे आठवड्यातून दोनदा घरी येऊन त्यांना बोलायला शिकवणारी एक शांत पोरगी. ती म्हणाली की अशा वेळी बऱ्याचदा तो दिवसच पुसला जातो. मी ते वाक्य धरून ठेवलं. वर्षभर माझं सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं. त्यांना आठवत नसेल तर मी किचनमध्ये होते, नाहीतर मी कोण होते?

त्यांचे शब्द हळूहळू परत येत होते. पाणी, नको, मुलीचं लाडकं नाव, आणि का कोण जाणे, पार्किंग. ज्या माणसाने तासन् तास भाषणं दिली तो एका शब्दासाठी घामाघूम व्हायचा आणि मी जवळ बसून बघायची. फेब्रुवारीत नवा शब्द सुरू झाला. किचन. थेरपिस्टने चित्रांची कार्डं पसरली की ते डाव्या हाताने नेमकं तेच कार्ड ओढायचे. दुसरं काही घ्यायला तयार नाहीत. क... कि... करत कपाळाची शीर फुगायची. ती मला म्हणाली, हा शब्द त्यांनी स्वतः निवडलाय, फार चांगलं लक्षण आहे. आठवडाभरात तो साफ यायला लागला. माझ्याकडे बघून ते म्हणायचे, किचन. मी उठून चहा करून आणायची. ते कप डाव्या हाताने बाजूला सारायचे. मला वाटलं साखर कमी पडत असेल. नाही, हेही खोटंच. मला शंका आली होती, आणि मी साखर वाढवत होते.

या वर्षीही मुलीचा संघ पुन्हा सेमीफायनलपर्यंत आला. गुरुवारची मॅच जिंकली तेव्हा कॉलेजच्या ग्रुपवर मेसेजांचा पाऊस पडला. कोण रात्रभर गाडी चालवत निघालं होतं, कोणी धुतला नाही म्हणून लकी असलेला टी-शर्ट घातला होता. गोऱ्या लोकांचंही आपल्यासारखंच असतं बरं. मुलगी बँडबरोबर त्या गावी होती. ती दर दोन तासांनी फोन करून बाबांना सांगायची की या वेळी नक्की. यांच्या डोळ्यांत चमक यायची. वर्षभरात त्यांना कशाचीच एवढी ओढ लागलेली मी पाहिली नव्हती. त्यांच्यासाठी तरी मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र मनात म्हणत होते, गुरुवारीच हरले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी साडेबाराला काका आले. यांच्यासाठी निळी टोपी आणली होती, ती स्वतःच्या हाताने त्यांच्या डोक्यावर बसवली. तेवढ्यात यांनी काठी उचलून गॅरेजच्या दाराकडे दाखवली. मला कळलं. ती खुर्ची मी वर्षापूर्वीच गॅरेजमध्ये सुटकेसांच्या मागे ढकलली होती. मी म्हणाले, सोफ्यावर बसा, पाठ दुखेल. त्यांनी काठी आपटली. मी पुन्हा नाही म्हटलं, तर तीन-चारदा आपटली. काकांना आमचं मराठी कळत नव्हतं, पण काठी कळली. ते गॅरेजमध्ये गेले, शोधून खुर्ची घेऊन आले, रुमालाने पुसली आणि बरोबर जुन्या जागी उघडून ठेवली. जागा कोणती हे सांगावं लागलं नाही, फरशीवर चार पायांचे ओरखडे होते. मग ते घाईने निघाले, कारण मॅच ते स्वतःच्या घरात, बायकोच्या आरामखुर्चीशेजारीच बघतात. त्यांचीही जागा ठरलेली होती.

यांना मी धरून खुर्चीवर बसवलं. टीव्ही लावला. मैदानात पोरं सराव करत होती आणि दोन माणसं कोट घालून तावातावाने बोलत होती. मी उभीच होते. सोफ्याच्या डाव्या टोकाकडे माझे पाय वळत नव्हते.

पाऊण वाजता मुलीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. मागे ढोल, शिट्ट्या, हजारो माणसांचा गलका. ती धापा टाकत बोलत होती, अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. बाबांनी टोपी घातली का, बाबा जेवले का. मग तिचा आवाज एकदम खाली आला.

"आई, लिसन. आज किचनमध्ये जायचं नाही हं. चहा आधीच करून ठेव. बाबांना एकटं सोडू नकोस. प्रॉमिस?"

मी हो म्हणणार तेवढ्यात खुर्ची करकरली. ते पुढे झुकले होते. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, टोपी तिरकी झालेली.

"किचन," ते म्हणाले.

तिकडून मुलगी आनंदाने ओरडली. त्यांनी डावा हात वर करून तिला थांबवलं, जसं काही ती समोरच होती.

"किचन... नाही. आई..." हात हळूहळू वळला आणि सोफ्याच्या डाव्या टोकावर थांबला. "इथे."

फोनमध्ये नुसता ढोल वाजत राहिला. मग मुलीने विचारलं, "आई? व्हॉट डज ही मीन?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. बाबांचे शब्द अजून इकडचे तिकडे होतात, थेरपिस्टने सांगितलंय ना. एवढं म्हटलं असतं की झालं असतं. तिने मानलं असतं. त्यांना पुन्हा चार शब्द जुळवायला आणखी वर्ष लागलं असतं, आणि तोवर मी लोकांना चहा पाजत बसले असते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते तसेच बघत होते, गेल्या वर्षीसारखे, पाऊण तास बघत होते तसे. मग मला कळलं की तो दिवस पुसला गेला नव्हता. आलेल्या प्रत्येक पाहुण्यासमोर, प्रत्येक कपाबरोबर त्यांना सगळं आठवत होतं, आणि मी सांगत होते ते खोडायला त्यांच्याकडे शब्द नव्हता. तो मिळवायला ते महिनाभर घाम गाळत होते.

"बाबा बरोबर सांगतायत," मी म्हणाले. "मी किचनमध्ये नव्हते. इथे बसले होते. त्यांच्या हातातून रिमोट पडला, मी पाहिलं, आणि त्यांना गप्प बसवलं. मॅच सोडून उठले नाही."

मागून कोणीतरी तिला हाका मारत होतं, बँड उभा राहत होता. एरवी मी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी माझी पोर हळू आवाजात एवढंच म्हणाली, "मला वाजवायचंय." फोन बंद झाला.

त्यांनी हात मांडीवर ठेवला. थकले होते. राग होता की सुटका होती, मला त्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. त्यांनी माझ्याकडे हात केला नाही, आणि मीही मागितला नाही. मी माफ करा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले, बस. त्याचा अर्थ मी अजूनही माझ्या सोयीने लावत नाही.

मग मी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढून आणली आणि त्यांच्या खुर्चीसमोर ठेवली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. टीव्हीकडे पाठ करून बसले. त्यांनी मला बाजूला हो म्हणून काठी दाखवली नाही, नुसतं माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागले. मी त्यांचा चेहरा बघत बसले. उजवी बाजू, डावी बाजू, मांडीवरचे दोन्ही हात.

पाठीमागे बँड सुरू झाला. त्यात ट्रॉम्बोन होता की नव्हता हे मला ऐकून कळत नाही, आणि मी वळून पाहिलं नाही. शिट्टी झाली. बॉल फरशीवर आपटायला लागला. पहिले दोन पॉइंट आमचे झाले, हे मला त्यांच्या डाव्या गालावरून कळलं.